पट्टा नंतर, आधी वस्ताद बघा

प्रश्न : मी ३३ वर्षांची आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. लहानपणापासून शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुलींना दांडपट्टा फिरवताना बघत आले. यंदा मनानं घेतलंय की आता आपणही शिकायचं. पण चौकशी करायला गेले आणि गोंधळ वाढला. शेजारची मुलगी तलवारबाजीला जाते, ऑफिसमधला एक जण पुण्यात केंडो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकून आलाय, मोबाईलवर केरळच्या कळरीचे व्हिडिओ दिसतात. मी डावखुरी आहे. आजवर कुठलाच खेळ खेळलेले नाही. उजवा खांदा अधूनमधून आखडतो. कोणतं शस्त्र निवडू? (एक वाचक, फुलेवाडी)

ताई, आधी वस्ताद शोधा. हत्यार त्यांच्याच हातून तुमच्याकडे येईल.

माझं वय आता ५९. तेराव्या वर्षी मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या अंगणात मी पहिल्यांदा काठी धरली. तेव्हा आम्ही तिघीच मुली होतो, आणि कुणी बघायला आलं की अंगणाच्या मागच्या बाजूला उभ्या राहायचो. पुढे ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, पण संध्याकाळची काठी सुटली नाही. त्यामुळे तुमचं पत्र आलं त्या रात्री मी ते दोनदा वाचलं. 'मनानं घेतलंय' हे तुम्ही लिहिलंत ना, त्याला मी फार मान देते. तेहतिसाव्या वर्षी मनानं घेतलेलं सहसा टिकतं. तेराव्या वर्षी घरच्यांनी घातलेलं बरेचदा टिकत नाही.

तुम्हाला पट्टा आवडलाय, म्हणून आधी पट्ट्याचंच सांगते. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात जुनी शस्त्रं मांडलेली आहेत. एखाद्या रविवारी जा आणि पट्ट्यापुढे जरा वेळ उभ्या राहा. तलवारीसारखी उघडी मूठ त्याला नसते. कोपराच्या अलीकडपर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो, आत आडवी पकड आणि पुढे लांब, सरळ, लवणारं पातं. हात आत गेला की मनगट जवळजवळ बांधलं जातं. तलवार मनगटातून वळते, पट्टा मनगटातून वळतच नाही. तो खांद्यातून आणि कमरेतून फिरवायचा असतो, आणि कमर फिरायला पाय जागेवर असावे लागतात. पाय चुकले की कमर अडते, कमर अडली की खांदा जोर लावतो, आणि खांद्यानं जोर लावला की पातं कुठे जाईल ते फिरवणाऱ्यालाही कळत नाही. पातं लवचिक, त्यामुळे हात थांबला तरी टोक थांबत नाही. ते मागून येतं, शेपटासारखं.

हे मी माझ्या पोटरीवर शिकले. शिकायला लागून सहा महिने झाले होते. वस्ताद चार दिवस बाहेरगावी गेलेले. त्यांच्या जागी उभ्या असलेल्या थोरल्या मुलानं आम्हाला थेट लोखंडी पट्टा हातात दिला. मी खालचा वार काढला, गुडघा वाकवायला विसरले, आणि परत फिरणारं पातं डाव्या पोटरीला लागलं. पाच टाके पडले. वस्ताद आल्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. त्या मुलाला मात्र त्यांनी महिनाभर पट्ट्याला हात लावू दिला नाही, आणि मला पुन्हा पहिल्या पवित्र्यावर आणून उभं केलं. काठीसुद्धा नाही. रिकाम्या हातानं, नुसते पाय. तीन आठवडे. तेव्हा मला फार राग आला होता. आज मी कुणाला वस्ताद निवडायला सांगते तेव्हा हेच बघायला सांगते, की हा माणूस हत्यार काढून घेऊ शकतो का.

म्हणून कुठेही नाव घालण्याआधी तीन संध्याकाळी नुसतं बघायला जा. लागोपाठ नको, वेगवेगळ्या वारी. पट्टा किती वेगानं फिरतो ते बघू नका, ते कुणालाही छान दिसतं. एक जण फिरवत असताना बाकीची पोरं कुठे उभी आहेत ते बघा. वस्तादांनी 'थांब' म्हटल्यावर सगळ्यांचे हात त्याच क्षणी थांबतात की एखादा हात अजून फिरत राहतो, ते बघा. खेळ संपल्यावर लोखंडी हत्यारं मोजून कुलपात जातात की भिंतीला टेकवून ठेवतात? नवशिक्याच्या हातात पहिल्या महिन्यात काय असतं? आणि तुमच्या वयाची एखादी तरी बाई तिथे आहे का? असेल तर तिच्याशी बोला. वस्तादांपेक्षा ती जास्त सांगेल. नसेल तर वस्तादांनाच विचारा, की माझ्या वयाच्या बाईला तुम्ही काय आणि कसं शिकवाल. उत्तर द्यायला ते जरा थांबले, तुमच्या खांद्याबद्दल त्यांनी उलट विचारलं, तर जागा चांगली आहे असं समजा. 'काही नाही ताई, महिन्यात तयार करतो' म्हणाले, तर नमस्कार करून घरी या.

आणखी एक प्रश्न विचारायचाच: पावसाळ्यात कुठे घेता? आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानाचा चिखल असतो. ज्यांच्याकडे छप्पर नाही त्यांचा वर्ग चार महिने बंद पडतो, आणि नवशिक्यानं चार महिने खंड पाडला की पुन्हा श्रीगणेशा.

पैशाचंही बोलून घ्या. माझ्या भाचीला एका वर्गात पहिल्याच दिवशी गणवेश, काठी, लाकडी तलवार, ढाल असा अख्खा संच घ्यायला लावला. दुसऱ्या महिन्यात वर्गच बंद झाला. तो संच अजून तिच्या माळ्यावर आहे. सुरुवातीला तुम्हाला लागते ती एक काठी आणि सुती सलवार किंवा ट्रॅक पँट. बस.

काठी कशी घ्यायची ते सांगते, कारण यातच लोक फसतात. भरीव बांबूची, पेरं जवळजवळ असलेली, उभी धरली की आपल्या कानाच्या पाळीला लागेल एवढी. फरशीवर एक टोक हलकं आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, ती घेऊ नका. घरी आणली की काचपेपर मारून पेरं गुळगुळीत करा, जवसाचं तेल चोळा, दोन दिवस सावलीत ठेवा. पहिल्या आठवड्यात अंगठ्याच्या मुळाशी फोड येतील. ते फोडू नका आणि त्यावर हातमोजेही घालू नका, काठी हाताला कळली पाहिजे. दोन-तीन दिवस विश्रांती द्या, तेवढ्या वेळात पायांचं काम करा.

काठी म्हणजे पट्ट्याच्या आधीचं कंटाळवाणं काम, असं मनात आणू नका. मर्दानी खेळातलं, म्हणजे आपल्या या काठी-तलवार-पट्ट्याच्या युद्धकलेतलं, बाकी सगळं त्यातूनच निघतं. पवित्रा, हूल, अडवणी, चारही बाजूंनी आलेल्यांना लांब ठेवणं, एका हातातून दुसऱ्या हातात बदलणं, हे काठीत बसलं की फरीगदग्यात (ढाल आणि छोट्या काठीच्या खेळात), तलवारीत, भाल्यात, विट्यात तेच पाय पुन्हा भेटतात. विटा म्हणजे मनगटाला दोरी बांधून फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा भाला. तो हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की वस्तादांनी काठी फेकण्याआधी मागचा पाय वळवायला इतके महिने का लावले होते. पट्टाही तुमच्याकडे येईल. माझ्या मुलींना मी साधारण वर्षभरानं आधी लाकडी, मग बोथट पातं देते. लिंबू कापण्याची प्रात्यक्षिकं तुम्ही मिरवणुकीत बघितली असतील, त्यामागे कित्येक वर्षांचे हात असतात. तो विचार आत्ता करूच नका. २०२४ च्या शिवजयंतीला राज्य शासनानं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं, तेव्हापासून 'थेट पट्टा शिकवा' म्हणून येणारे वाढलेत. त्यांनाही मी काठीच देते.

आता तुम्ही डावखुऱ्या आहात, त्याबद्दल. हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि निवडीत तो फार उपयोगी पडतो. आपल्याकडे काठी दोन्ही हातांनी शिकवतात, पट्टाही पुढे दोन्ही हातांत घेता येतो. डावखुऱ्या माणसाला काही अडत नाही. तलवारबाजीत, म्हणजे ऑलिंपिकमधल्या, डावखुरं असणं हा फायदा मानतात, कारण समोरच्याला उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्यांचीच सवय असते. केंडोत मात्र डावखुरा असो की उजवा, पकड सगळ्यांना एकच: डावा हात मुठीच्या खालच्या टोकाला, उजवा वर, डावा पाय मागे आणि त्याची टाच उचललेली. तुम्हाला ते वाईट जाईल असं नाही, कारण तिथला मुख्य जोर डाव्या हातातच असतो. बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली ती त्यांची शिनाई साधारण चार फुटांची असते. वार बरोबर जागी बसणं, मोठ्यानं आरोळी आणि पाय पुढे पडणं, हे तिन्ही एका क्षणात झालं तरच गुण मिळतो. मला तो खेळ मनापासून आवडतो. कळरीही. कळरीत आधी मेय्तारी म्हणजे नुसतं शरीर, मग कोलतारी म्हणजे लाकडी हत्यारं, मग अंगतारी म्हणजे लोखंडी. उलट फिलिपिन्सच्या आर्निसमध्ये पहिल्याच दिवशी वेताची काठी हातात देतात, रिकाम्या हाताचं काम नंतर येतं. दोन्ही रस्ते शहाणे आहेत. दोन्हीकडे धारेचं पातं उशिराच येतं.

पण हे सगळं रोज संध्याकाळी सुटल्यावर तुम्हाला गाठता आलं पाहिजे. उद्यमनगरातून सहाला सुटून, फुलेवाडीला घरी जाऊन, पुन्हा बाहेर पडायचं म्हणजे वाटेत रंकाळ्याच्या आसपास जे काही नीट शिकवत असेल ते तुमचं. आठवड्यातून चार दिवस जवळच्या तालमीत गेलात तर सहा महिन्यांत तुमचे पाय बदललेले असतील. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन जगातलं सर्वांत सुंदर शस्त्र शिकलात तरी पाय तिथेच राहतील.

खांदा आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि 'काठी फिरवणार आहे' हे स्पष्ट सांगा. नुसतं 'व्यायाम करणार आहे' म्हटलं तर ते चालण्याचा व्यायाम समजतात. हात डोक्याच्या वर नेताना दुखत असेल तर पहिले महिने कमरेच्या रेषेतलेच हात करा. चांगला वस्ताद ते करू देईल. इथेही तुम्हाला माणसाची परीक्षा करता येईल.

आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी तुमच्या शेजारी नऊ वर्षांची मुलगी उभी असेल आणि तिचा हात तुमच्यापेक्षा सफाईदार असेल. तिच्याकडून शिका. तिला 'ताई' म्हणा, ती खूश होऊन सगळं दाखवते. माझ्या वर्गात एक बँकेतल्या बाई अशाच एका चौथीतल्या पोरीकडून पवित्रे शिकल्या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मर्दानी खेळ शिकायला दोन महिने झाले. ऑनलाइन एक तलवार बघितलीय, ३० इंची, 'डेकोरेटिव्ह' लिहिलंय. घरी सराव करायला मागवू का? (एक विद्यार्थी, कागल)

नको, बाळा. मागवू नकोस.

१९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे नियम आहेत. घरगुती आणि शेतीची हत्यारं सोडून ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं, म्हणजे तलवार, खंजीर, भाला वगैरे, त्यांच्या यादीत आहेत. 'डेकोरेटिव्ह' हा दुकानदाराचा शब्द. पातं धारदार निघालं तर तो शब्द पोलिसांना दाखवून उपयोग नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक जागी तलवारी, भाले, लाठ्याकाठ्याही घेऊन फिरायला बंदी असते. म्हणून तर तालमी मिरवणुकीआधी रीतसर परवानगी काढतात. सराव संपल्यावर काठी खांद्याला लावून मोटरसायकलवरून गावभर फिरू नकोस, आणि हत्यारांसोबतचे फोटो स्टेटसला ठेवू नकोस. पोलीस असे फोटो बघतात, आणि अकरावीच्या वयात चौकशीत अडकायला नको.

ही बंधनं नवी नाहीत. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रकायदा आणला आणि लोकांच्या घरातली हत्यारं परवान्याखाली आली. आपल्याकडे ही विद्या टिकली ती तालमींत, खेळ म्हणून. 'मर्दानी खेळ' या नावातल्या 'खेळ' शब्दावर कधी विचार कर. शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत तालमींना आणि कुस्तीला जो आश्रय दिला, त्यानं कोल्हापुरात आखाडा घरोघरी पोचला. आपण त्या आश्रयावर अजून शिकतोय.

घरी सरावाला काय करायचं? गच्चीवर खडूनं एक हात लांबीचा चौकोन काढ. रोज वीस मिनिटं त्याच्या चार कोपऱ्यांवर पवित्रे कर, रिकाम्या हातानं. बघ, पंधरा दिवसांत वस्तादांच्या लक्षात येतं की नाही.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. शाळेत तलवारबाजी सुरू झालीय आणि आमच्या पेठेत मर्दानी खेळाचा वर्गही आहे. तिला दोन्ही हवंय. पुढे गुण आणि नोकरीत आरक्षण मिळेल अशा हिशेबानं एकच ठेवावं म्हणतो. कोणतं? (एक पालक, राजारामपुरी)

दादा, हिशेब करणं चूक नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची ठरावीक पातळी गाठावी लागते, आणि त्या दृष्टीनं तलवारबाजीचा रस्ता जास्त आखलेला आहे. तो ऑलिंपिक खेळ आहे. देशी युद्धकलांनाही आता दार उघडतंय: हरियाणात पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पंजाबचा गतका, केरळचं कळरीपयट्टू आणि मणिपूरचं थांग-ता होते. आपला मर्दानी खेळ अजून त्या यादीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तलवारबाजीत तीन हत्यारं असतात आणि मुलीनं त्यांतलं कोणतं घ्यावं हे प्रशिक्षकांवर सोडा, पण फरक तुम्हालाही माहीत असू द्या. फॉइलमध्ये फक्त धडावर टोचायचं. एपेमध्ये डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोचलं तरी गुण. सेबरमध्ये कमरेच्या वर, आणि टोचण्याबरोबर पात्याच्या कडेचा वारही चालतो. फॉइल आणि सेबर ५०० ग्रॅमच्या आत असतात, एपे ७७० ग्रॅमच्या आत. खेळ १४ मीटर लांबीच्या अरुंद पट्टीवर, पुढे-मागे. ज्या मुलींना थांबून, डोळ्यांनी मोजून मग जायला आवडतं त्या एपेत रमतात. ज्यांना धीरच धरवत नाही त्या सेबरमध्ये. मी शाळेत अशा दोन्ही तऱ्हेच्या मुली बघितल्यात.

भवानी देवीचं नाव तुमच्या मुलीला माहीत असेलच. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत. पहिली लढत तिनं १५-३ अशी जिंकली. चेन्नईच्या शाळेत ती शिकायला लागली तेव्हा खरी साधनं महाग, म्हणून सराव बांबूच्या काठ्यांवर व्हायचा. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगते.

आता माझं मत. अकरा वर्षांची आहे, दोन्ही करू द्या. आठवड्यातून तीन दिवस तलवारबाजी, दोन दिवस तालीम. तलवारबाजीत एकच बाजू पुढे राहते, रोज तोच पाय आणि तोच हात. वाढत्या वयात काठी दोन्ही हातांनी, चारही दिशांना फिरली तर शरीराची दुसरी बाजू मागे राहत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी स्पर्धांचा ताण वाढेल तेव्हा ती स्वतःच सांगेल कोणतं ठेवायचं. फक्त दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांबद्दल सांगून ठेवा, लपवू नका. मुली लपवतात आणि मग गुडघे दुखतात.

प्रश्न : वय ६१, एस. टी.तून निवृत्त. बीपीची गोळी चालू आहे. आता काठी शिकता येईल का? (एक वाचक, पन्हाळा)

काका, येईल. डॉक्टरांना विचारून सुरू करा, उड्या आणि बैठकांचे पवित्रे सोडा, एकेरी काठी घ्या. सकाळी गोळी घेतल्यावर लगेच नको, संध्याकाळी चालून आल्यावर दहा मिनिटं. काठी कानाच्या ऐवजी खांद्याएवढीच ठेवा, हलकी पडते. पन्हाळ्यावर वारा फार, धुक्यात दगड निसरडे होतात, म्हणून तटाकडे जाऊ नका. अंगणातच करा, आणि पायात नेहमीच्या चपला नकोत, कॅनव्हासचे बूट घाला. फेब्रुवारीत आमच्या वर्गाची सहल गडावर येते. तेव्हा तुमचे हात बघायला नक्की येईन.